झिरो, निम्मं आणि मी

बेळगाव ते कोल्हापूर एकशेदहा किलोमीटर. थेट गाडीत बसलं की एक डुलकी काढून डोळे उघडेपर्यंत कागल येतं. पण थेट गाडी परराज्यात जाते आणि परराज्यात जाणाऱ्या गाडीत आईला झिरो मिळत नाही. म्हणून थेट गाडी आमच्या घरातून हद्दपार झालेली आहे.

झिरो म्हणजे काय ते बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या लाल गाड्यांतून फुकट प्रवास आहे. आधार दाखवायचं, कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. आई ही तिकिटं टाकत नाही. मशीनची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडून जाते, कागद कोरा होतो, तरी टाकत नाही. पोथीत खुणेला झिरो, वाण्याची यादी झिरोच्या पाठीवर, आणि सरकारने आपल्याला आजवर किती दिलं याची एक वेगळी वही. सासरी आल्यापासून चाळीस वर्षांत न पाहिलेला गोकाकचा धबधबा तिने या दोन वर्षांत तीनदा पाहिला. त्यातला एकदा ऐन एप्रिलात, कड्यावर नुसता खडक असताना. मी म्हटलं, "आई, पाणी नव्हतं की गं." म्हणाली, "नसू दे की. जायला काय पैसे पडले?"

आता यात माझं म्हणणं एवढंच, की मी पुरुष आहे. याच योजनेत निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव ठेवल्यात असं मी वाचलं होतं. त्या जागा मी अजून पाहिलेल्या नाहीत. गाडीत चढावं तर त्या निम्म्या जागांवर बायका, उरलेल्या निम्म्यांवरही बायका, आणि मधल्या वाटेत पूर्ण तिकीट हातात धरून लोंबकळणारे आम्ही. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाने ५ तारखेला भाडं पंधरा टक्क्यांनी वाढवलं. महाराष्ट्राने २५ तारखेला १४.९५ टक्क्यांनी. १९५६ पासून या दोन राज्यांचं इतकं जवळ आलेलं दुसरं काही माझ्या तरी बघण्यात नाही.

तर, कोल्हापूरला चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. आई, मी, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे राहायला आलेली आत्या.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. जन्म काकतीवेशीतला, शाळा बेळगावातली, लग्न होऊन गेली गडहिंग्लजला. आजीने जावई बघताना गाव जवळ आहे का, विहिरीला पाणी आहे का, सासू तोंडाची कशी आहे, हे सगळं विचारलं होतं. राज्य कुठलं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आईची गोष्ट उलटी. तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं. हा तालुका १९५६ च्या नोव्हेंबरापर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यं नव्याने बेतली गेली तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. म्हणजे महाराष्ट्रातली मुलगी बेळगावात आली आणि बेळगावची मुलगी महाराष्ट्रात गेली. साटंलोटं झालं म्हणायचं. इतकी वर्षं या गोष्टीने कुणाचं काही अडलं नाही. एकीच्या आमटीला दुसरी नावं ठेवायची, तेवढंच. पण तिकिटाची यंत्रं आली, आधार आलं, आणि या दोघी नणंद-भावजया सीमेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

कारण महाराष्ट्रातही कमी नाही. तिकडे पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट. बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं. आत्या गडहिंग्लजहून कोल्हापूरला फुकट जाते-येते आणि ते फोन करून आईला कळवते. मग आई तिला गोकाकला जाऊन आल्याचं कळवते.

बेत आईचा होता. निपाणीपर्यंत आपल्या लाल गाडीने जायचं, म्हणजे तिला झिरो. निपाणीला महाराष्ट्राची एसटी धरायची, म्हणजे तिला निम्मं, वन्संना फुकट. "आणि मला?" मी विचारलं. "तू कमावतोस की," आई म्हणाली.

तिकिटाच्या बाबतीत आईचा अभ्यास जुना आहे. लहानपणी आम्ही कोल्हापूरला जायचो तेव्हा बिनतिकिटाच्या वयातून बाहेर पडायला तिने मला चार वर्षं लावली. स्टँडवर शिरताना गुडघे जरा वाकवायचे, आणि कंडक्टर आला की झोपायचं. एकदा एका कंडक्टरने झोपलेल्या माझ्याकडे बघून बाबांना सहज विचारलं, "पोरगं हुशार दिसतंय, कितवीत?" मी डोळे मिटूनच सांगितलं, "तिसरीत. पहिला नंबर." बाबांनी गुमान पैसे काढून दिले. ते संकेश्वरपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून हसत होते, आणि आई निपाणीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

यावेळी सामानात मांडे होते. बेळगावच्या बाहेरच्यांना कुंदा माहीत असतो. कुंद्याचा डबा बसमध्ये आपटा, उलटा करा, त्यावर बसा, कुंदा कुंदाच राहतो. मांड्याचं तसं नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई घरी मांडे करतात. सैल भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन त्या दोन्ही हातांवर झुलवत झुलवत असा पसरतात, की बघता बघता तो कोपरापर्यंत येतो आणि पलीकडची चूल त्यातून दिसायला लागते. मग पालथ्या खापरावर तो एका झटक्यात टाकायचा, वर पिठीसाखर, वेलची, खसखस, आणि गरम आहे तोवरच त्याची चौकोनी घडी. गार झाला की मांडा कागदासारखा वाजतो. तो मोडायला हात लागत नाही, त्याच्याकडे रागाने बघितलं तरी पुरतं. मनात मांडे खाणारे पुष्कळ भेटतात. त्यांना ते मांडे घेऊन एकदा बेळगाव स्टँडवर उभं करायला हवं.

असे एकवीस मांडे पत्र्याच्या चौकोनी डब्यात वर्तमानपत्राच्या थरांत ठेवून आईने डबा माझ्याकडे दिला. "मांडीवरून हलवायचा न्हाई. कुणी कितीही बसायला सांगू दे, मांडीवर."

"पण बसायला मिळालं तरच मांडी होते ना गं."

"तू आधीपासनंच उलटं बोलू नकोस."

स्टँडवर आई पुढे, मागून आत्या, शेवटी डबा आणि मी. गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. मी शाळेत कन्नड शिकलो आहे, वाचता येतं, पण अक्षर अक्षर जोडत. मी 'नि' म्हणेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेलेली असते. आईला कन्नड वाचता येत नाही. तिची वाचायची पद्धत वेगळी आहे आणि माझ्यापेक्षा झटपट आहे. गावाचं नाव ती चेहऱ्यावरून ओळखते. निपाणी कन्नडमध्ये निप्पाणी होते, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर तिकडे पहिल्याच्या खाली लिहितात. आईच्या भाषेत, "तीन अक्षरं, आणि मधल्याच्या पोटाखाली पिल्लू."

गाडी लागली. मी पाटीकडे बघून ओठ हलवायला लागलो. "काय वाचूलास अजून? पिल्लू हाय बघ," म्हणत आई चढलीसुद्धा. आत्याने खिडकीतून हातरुमाल टाकून दोन जागा धरल्या. पाटीवर पिल्लू होतं हे खरं. पण आपल्या जिल्ह्यात निप्पाणी आहे, तशी चिक्कोडी आहे, आणि हुक्केरीही आहे. तिन्ही नावं तीन अक्षरांची, तिन्हींच्या मधल्या अक्षराच्या पोटाखाली पिल्लू. आम्ही बसलो ती हुक्केरी. ते मला पूर्ण वाचून झालं तेव्हा गाडी काकती ओलांडत होती, आणि तेही मागं लावलेल्या पाटीवरून, उलटं.

"मुंद होग्री, मुंद होग्री," करत कंडक्टर आला. भला माणूस होता. आईने आधार काढलं. मशीन किर्रर्र झालं. झिरो. आईने तो कागद दोन बोटांत धरून आत्याला दिसेल असा जरा वेळ वाचला. वाचण्यासारखं त्यात काही नसतं.

आत्यानेही आधार पुढे केलं. कंडक्टरने बघितलं, उलटं करून बघितलं.

"अज्जी, इदु महाराष्ट्रद्द ऐत्री." मग मराठीत, "ह्याला झिरो येत नाही, आज्जी. पूर्ण पडतंय."

"अरे, मी काकतीवेशीतली," आत्या म्हणाली. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासनं हितली. ही चंदगडची," आईकडे बोट, "हिला फुकट, आणि मला पैसे?"

"मशीनला तसं कळत नाही की हो आज्जी."

आई खिडकीबाहेर बघत होती. तिथे ऊस सोडून काही नव्हतं, तरी फार रस घेऊन बघत होती. मी दोन पूर्ण तिकिटं काढली.

पुढच्या बाकाजवळ एक माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता आणि पिशवीतून एका कोंबडीची मान बाहेर आली होती. कंडक्टरने कोंबडीचे पैसे मागितले. तो माणूस हुज्जत घालायला लागला. हे सगळं आत्याने कान देऊन ऐकलं आणि मोठ्याने विचारलं, "का रे बाबा, कोंबडी बाईच न्हवे काय? मग तिला झिरो नाही?"

सगळी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "आधार न्हाई तिच्याकडं, आज्जी."

आत्या गप्प झाली. पुढचा अर्धा तास ती आणि कोंबडी एकमेकींकडे बघत होत्या. तिकीट पडलेल्या त्या दोघीच होत्या.

हुक्केरीकडे जाणारी गाडी हायवे सोडून आत वळते, त्या फाट्यावर कंडक्टरने आम्हाला उतरवलं आणि निपाणीची गाडी कुठे थांबेल ती जागा हाताने दाखवली. वैशाखाचं ऊन, हायवेच्या कडेला एक बाभूळ, तिच्या सावलीत आम्ही तिघं. मी डबा दोन हातांवर घेऊन उभा होतो, देवीची परडी धरावी तसा. जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने डब्याला हात जोडल्याचं मला आठवतं, पण आई म्हणते तो ऊन अडवत होता.

मला वाटलं, आई आता तरी चूक कबूल करेल. तिने बाभळीखाली बसून हिशेब केला. "बरं झालं की. दोन झिरो झाले." वहीत एकाऐवजी दोन ओळी भरणार होत्या. माझ्या आणि आत्याच्या तिकिटाच्याही दोन ओळी होणार होत्या, पण त्या वहीत नसतात.

दुसरी गाडी आली. इथे उभं राहायलाच जागा होती. संकेश्वरला मिरचीची पोती चढली आणि मी डबा डोक्यावर घेतला. तवंदीच्या घाटात गाडी डावीकडे झुकली की मी उजवीकडे, गाडी उजवीकडे की मी डावीकडे. एक बाई कौतुकाने म्हणाली, "बसा की हो, डबा माझ्याकडं द्या." मी आईकडे बघितलं. आईने नुसती मान हलवली. निपाणीत उतरलो तेव्हा माझे दोन्ही हात वरच राहिले होते.

निपाणी आली हे डोळे मिटूनही कळतं. तंबाखूच्या वखारींचा तो तिखट वास नाकात शिरला की शिंका सुरू. लहानपणी बाबा आणि मी पैज लावायचो, कोणाला आधी येते. जिंकणाऱ्याला भजी. बाबा बहुतेक मुद्दाम नाक दाबून धरत असावेत, कारण भजी कायम मलाच मिळायची आणि त्यातली निम्मी तेच खायचे. यावेळी पहिली शिंक आईला आली. काही न बोलता तिने स्टँडवरच्या गाड्यावरून तीन प्लेट भजी घेतली आणि पैसे स्वतः दिले. तेही वहीत लिहिलं नाही.

आणि मग महाराष्ट्राची एसटी आली. पाटी मराठीत. 'कोल्हापूर.' मलासुद्धा एका दमात वाचता आली. गर्दी दाराकडे धावली. आत्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. सकाळपासून तिच्या वाट्याला नुसतं पूर्ण तिकीट आणि कोंबडीशी बरोबरी आली होती. आता तिचं राज्य सुरू होणार होतं. हातरुमाल तिने पहिल्या गाडीतच विसरला होता. मी भज्याचा कागद टाकायला दोन पावलं बाजूला झालो, एका हातात डबा. "दे हिकडं," एवढंच ऐकू आलं. पुढच्या क्षणी एकवीस मांडे खिडकीतून आत गेले.

आतून आवाज आला. मोठा नव्हता. सुकलेल्या पाचोळ्यावर कोणी बसावं तसा.

"जागा धरली!" आत्या म्हणाली.

मी आत जाऊन डबा उचलला. हलवला नाही. त्यावर बसलेल्या गृहस्थांनी स्वतःहून उठून जागा दिली आणि वर म्हणाले, "काय लागलं नाही ना मला, बघा." आई आली, शेजारी बसली, डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसली. काही बोलली नाही. डबा कसा आत आला हे तिने पाहिलं नव्हतं. पण तिला कळलं होतं. मांडीवरचा डबा आणि मांडीवरचं मूल, दोन्हींच्या बाबतीत तिला न बघता कळतं.

कंडक्टर आला. आत्याने आधार असं पुढे केलं, की जणू राजमुद्रा. "पंचाहत्तरच्या वर. फुकट."

"हद्दीपासून फुकट, आजी," कंडक्टर म्हणाला. "हद्दीपर्यंत पैसे पडतात. सवलत महाराष्ट्रातच."

"आणि मला?" आई.

"हद्दीपर्यंत पूर्ण, पुढं निम्मं."

आईने सरसावून घेतलं. "मास्तर, माझं ऐका. बायकांना निम्मं. बरोबर? पासष्टच्या वर गेलं की म्हाताऱ्यांना निम्मं. बरोबर? मी सदुसष्ट. म्हणजे बाई म्हणून निम्मं माफ, म्हातारी म्हणून निम्मं माफ. निम्मं आणि निम्मं किती झालं?"

कंडक्टरने तिकिटाचं मशीन खाली घेतलं. मागच्या बाकावरचे दोघे पुढे झुकले. मला खात्री आहे, त्या माणसाने आपल्या नोकरीत असा हिशेब कधी ऐकला नसेल, आणि त्यात चूक नेमकी कुठे आहे हे त्याला पटकन सांगताही येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुम्ही एकच आहात ना. मग निम्मं एकदाच." आईला हे पटलं नाही, पण आवडलं.

"आणि तुम्ही?" तो माझ्याकडे वळला.

"पूर्ण," मी म्हटलं. "हद्दीच्या अलीकडंही आणि पलीकडंही."

कोगनोळी गेली. अलीकडच्या पंपांवर स्वस्त पेट्रोल भरून घेणाऱ्या महाराष्ट्राच्या गाड्यांची रांग होती. तिकडचा माणूस पेट्रोलला इकडे येतो आणि इकडचा दुसऱ्या कशाला तरी तिकडे जातो, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, आमच्याकडची माणसं वाचतात. दूधगंगेचा पूल आला. आत्या ताठ बसली, पदर सारखा केला आणि आईला म्हणाली, "आता मी फुकट."

"मग आता तुम्हीच डबा धरा, वन्सं," आई म्हणाली.

कोल्हापुरात बारशाला वहिनीने डबा उघडला. वर्तमानपत्राच्या थरांत मांडे नव्हते. पांढरा, वेलचीच्या वासाचा, खसखस मिसळलेला भुगा होता. मी भिंतीकडे बघायला लागलो. वहिनीने क्षणभर विचार केला, सगळा भुगा पातेल्यात ओतला, वर गरम दूध घातलं, आणि वाट्या भरून फिरवल्या. तशी मांडे दुधात कुस्करून खायचीच पद्धत. आम्ही फक्त कुस्करायचं काम वाटेत उरकलं होतं. मंडळींनी दोन-दोन वाट्या घेतल्या. कोल्हापूरचे एक वयस्कर पाहुणे म्हणाले, "बेळगावचं हे नवीन काय आहे? रेसिपी द्या." आत्याने पुढे होऊन सांगितलं, "पिसायला जरा कष्ट आहेत."

रात्री मी वही घेऊन बसलो. थेट गाडीची तिघांची तिकिटं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोन लाल गाड्या, एक एसटी, हद्दीपर्यंतचं आणि हद्दीपासूनचं, रिक्षा, आणि उन्हात उभं राहिल्यावर प्यालेला उसाचा रस. थेट गाडी अठरा रुपयांनी स्वस्त पडली असती. मी आईला दाखवलं.

"रस कशाला धरलास त्यात? रस घरी प्यायला नसतास?"

मग दोघी अंथरुणावर बसून हळू आवाजात बोलायला लागल्या. मला वाटलं बारशाचं काही. थोड्या वेळाने आत्याने हाक मारली.

"ए बाळ, मी काय म्हणते. मी माझा आधारवरचा पत्ता बेळगावचा करून घेते. झिरोला मी. आणि ही गडहिंग्लजचा करून घेऊ दे."

"मग आईचं झिरो जाईल की."

"सहा महिनेच," आई म्हणाली. "मग परत बदलायचा. ह्या गोकाक बघून येतील, मी तवर जोतिबा, नरसोबाची वाडी सगळं करून घेते. तू ते मोबाईलवर भरून दे."

मी त्यांना समजावलं, की असं होत नाही. पत्त्याचा पुरावा लागतो. शिवाय दरवेळी पत्ता बदलायला फी पडते.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकदम विचारलं,

"बायकांना पण?"